बोट आली का? – स्वराज द्वीपावरचे माझे सात महिने

ओहोटी

पहिल्याच आठवड्यात माझी डावी चप्पल समुद्राने नेली. पाच नंबरच्या किनाऱ्यावर, पाण्यावर झुकलेल्या एका समुद्री महुआच्या बुंध्याशी मी जोड काढून ठेवला होता. पाणी तेव्हा इतकं लांब की मधे नुसते खडक आणि डबकी. खेकडे बघत बसले. मागे वळले तर बुंध्याशी लाटा, उजवी चप्पल मुळांत अडकलेली आणि डावी बेपत्ता. माशिमांनी (माझ्या घरमालकीण) ती उजवी मला टाकू दिली नाही. "कभी कभी वापस आता है," म्हणाल्या. दाराबाहेर ती सात महिने एकटीच पडून आहे.

ऑक्टोबरअखेर इथे, अंदमानात आले. एका डाइव्ह सेंटरच्या (पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला नेतात ते) कचेरीत कारकुनी करते. हॅवलॉकचं नाव डिसेंबर २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. जेटीवर मात्र अजून 'हॅवलॉकवाली बोट, ब्लेअरवाली बोट' हेच चालतं, म्हणून मीही जुनीच नावं वापरेन. दोन्हींमध्ये साधारण चाळीस किलोमीटर समुद्र आहे.

आधी घड्याळाबद्दल सांगते, कारण त्याने मला महिनाभर छळलं. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, आणि आम्ही जवळजवळ ९३ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य घड्याळाच्या चाळीसेक मिनिटं पुढे धावतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचला सूर्यास्त! जूनमध्येसुद्धा सहाच्या आतच. सकाळी पाचला मात्र लख्ख उजेड आणि माशिमांचा झाडू सुरू. साडेआठला झोप अनावर व्हायला लागली तेव्हा मला वाटलं आपल्याला काहीतरी झालंय. काही झालं नव्हतं, अख्खं गाव तेव्हा झोपतं.

दुसरं घड्याळ भरतीचं. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. पूर्वेकडच्या तीन नंबर, पाच नंबरला ओहोटीत पोहणं विसरा, गुडघे सोलवटून निघतील. पश्चिमेचं राधानगर, म्हणजे सात नंबर, नुसती वाळू. तिथे केव्हाही पाण्यात जाता येतं. (किनाऱ्यांना नंबर आहेत हे ऐकून सुरुवातीला एस.टी.च्या फलाटावर आल्यासारखं वाटलं होतं.) भरतीचं कोष्टक आता कचेरीत माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्यात बघितल्याशिवाय मी धुणंसुद्धा काढत नाही, कारण दुपारची भरती असेल तर ती वेळ माझी समुद्राची.

आणि तिसरं घड्याळ म्हणजे बोट. कांदे-बटाटे, औषधं, गॅसची सिलिंडरं, टाकीच्या नळाचा वायसर, सगळं बोटीने येतं. सकाळी भेटणारा माणूस 'कसं काय' विचारत नाही, 'बोट आली का' विचारतो. नोव्हेंबरात वादळी हवेने सलग तीन दिवस बोट नव्हती. गोविंदनगरच्या बाजारात लाल भोपळा आणि कच्ची केळी सोडून टोपल्या रिकाम्या. माशिमांनी परसातली कच्ची पपई, पुईची (म्हणजे मायाळूची) भाजी आणि शेजाऱ्याच्या डोंगीतून आलेले मासे यांवर तिन्ही दिवस काढले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजीची एक रेघ नव्हती. यांच्या सासरच्या माणसांना १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून इथे आणून वसवलं. तेव्हा समोर नुसतं जंगल होतं म्हणतात. माझ्या कांद्याचं कौतुक त्यांना कसं असणार.

विचारा काय विचारायचं ते. नेट चालू आहे तोवर उत्तरं देते.

रिकामटेकडा

मस्त लिहिलंय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. पण खरं सांगा, कंटाळा नाही आला? आम्ही चार दिवस राहिलो होतो, तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, आता काय करायचं?

ओहोटी

आला ना. डिसेंबरच्या मध्यावर असा आला की किनारा बघवेना. तुमच्या तिसऱ्या दिवसासारखाच, फक्त पंधरा दिवस लांबलेला. समुद्र रोज तोच, दुकानं तीच, कचेरीत येणारा प्रत्येक जण तेच विचारणार: शार्क दिसेल का? कासव दिसेल का? आणि उद्या सकाळी विमान आहे, आज दुपारी डाइव्ह करू ना? (नाही. एकापेक्षा जास्त डाइव्ह केले असतील तर विमानापूर्वी किमान अठरा तास थांबायचं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो; विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. हे मी दिवसाला सहा वेळा सांगते आणि दिवसाला एक जण तरी भांडतो.)

मग कंटाळा आपोआप गेला, कसा ते नीट सांगता येत नाही. बहुधा मी काहीतरी घडायची वाट बघणं सोडलं. माझ्या खिडकीच्या चौकटीवर हिरवीगार पाल राहते, पोपटाच्या रंगाची, पाठीवर लाल ठिपके. अंदमानची दिवसा फिरणारी पाल. बाकीच्या पाली रात्री निघतात, ही उन्हात. रोज दहाच्या चहाला ती बशीच्या कडेला येऊन सांडलेला गोड चहा चाटते. जीभ एवढीशी, गुलाबी. आता ती नाही आली तर चुकल्यासारखं वाटतं.

काजवा

पाल गोड चहा पिते हे वाचून मी माझा चहा बाजूला ठेवला. बाकी किड्यामकोड्यांचं काय? आणि मगरी? तिथे मगरी आहेत असं ऐकून आमच्याकडे एकीने बुकिंग रद्द केलं.

ओहोटी

मगरीआधी वाळूमाशीला भ्या. दिसतही नाही इतकी बारीक. चावते तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी पायांवर लाल पुटकुळ्या, आणि खाज आठवडाभर. खाजवलं की चिघळतं, आणि या दमट हवेत चिघळलेलं लवकर सुकत नाही. पहाटे आणि संध्याकाळी ओल्या वाळूवर थेट बसायचं नाही, खाली जाड चादर घ्यायची, अंगाला खोबरेल चोपडायचं. माशी तेलात चिकटते असं माशिमांचं म्हणणं. माझ्या पायांवर तरी फरक पडला.

घोण दोनदा निघाली, एकदा माझ्याच बुटात. वीतभर लांब, तपकिरी, पाय पिवळट. चावली असती तर दिवसभर बोंबलले असते. तेव्हापासून बूट झटकल्याशिवाय पाय घालत नाही.

मगरी आहेत, खाऱ्या पाण्यातल्या, मगरींच्या जातींत सगळ्यात मोठ्या. २०१० मध्ये राधानगरच्या बाजूला एका परदेशी पर्यटक बाईचा जीव मगरीने घेतला होता, त्यामुळे ही थट्टेवारी न्यायची गोष्ट नाही. पण बुकिंग रद्द करायचीही नाही. जिथे सगळे पोहतात तिथेच पोहायचं, जीवरक्षकाची शिट्टी ऐकायची, आणि कांदळवनाच्या खाडीत, ओढ्याच्या तोंडाशी किंवा अंधारात पाण्यात उतरायचं नाही. फलक लावलेले आहेत. लोक फलकाला टेकून फोटो काढतात आणि मग पाण्यात शिरतात.

चौकस_आजोबा

ताई, तुमच्या लेखाने जुने दिवस आठवले. १९९३ ते ९६ मी नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला होतो. चेन्नईहून जहाजाने अडीच-तीन दिवस लागायचे, तिसऱ्या दिवशी डाळभातसुद्धा शत्रू वाटायचा. घरी फोन लावायचा तर उपग्रहावरून. आपण बोललेलं पलीकडे पोचून उत्तर येईपर्यंत दोघेही "हॅलो, हॅलो" करत बसायचे. आता ऑगस्ट २०२० पासून समुद्रातून केबल आली आहे ना चेन्नईहून? तुम्ही हा धागा चालवताय तो त्याच तारेवर.

एक विचारायचं होतं. आम्ही हॅवलॉकला आलो तेव्हा लाकूडतोडीचे हत्ती पाहिले होते. ओंडके ओढायला मुख्य भूमीवरून आणलेले. एका बेटावरचं काम संपलं की त्यांना पोहवत दुसऱ्या बेटावर न्यायचे, सोंड तेवढी पाण्याबाहेर. त्यांचं पुढे काय झालं?

ओहोटी

आजोबा, हो, तीच केबल. पोर्ट ब्लेअरहून एक फाटा हॅवलॉकला आलाय. पण तार समुद्राखाली असली तरी वीज इथे जनरेटरवर आहे, आणि वीज गेली की तार असून उपयोग नसतो.

हत्तींचं: २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्या लाकूडतोडीवर कडक निर्बंध घातले आणि हत्तींचं काम संपत गेलं. राजन नावाचा शेवटचा पोहणारा हत्ती इथेच राहिला. फोटो काढायला जगभरातून लोक यायचे. तो २०१६ मध्ये गेला. आमचा डोंगीवाला त्याच्याबद्दल एखाद्या काकांबद्दल बोलावं तसं बोलतो: "पानी में जाने का मन नहीं हो, तो नहीं जाता था। कोई बोल के देखे।"

मीठभाकर

शंख-शिंपल्यांचं काय? आम्ही आणलेले विमानतळावर काढून घेतले हो. किनाऱ्यावर पडलेला मेलेला शंख, दोन बोटं एवढा, तो आणल्याने काय असं समुद्राचं वाकडं होणार होतं? लेकरू रडलं तिथे.

ओहोटी

लेकराचं वाईट वाटलं, पण काढून घेतले ते बरोबर केलं. शंख मेलेला असला तरी कुणाचं तरी घर असतो. परवा कचेरीच्या पायरीवर एक शंखखेकडा (रिकाम्या शंखात राहतो तो) आला, पाठीवर शंखाऐवजी निळं प्लास्टिकचं बूच. चालताना ते बूच फरशीवर टक् टक् वाजत होतं. त्याचं मागचं अंग मऊ असतं, कवच नसतं, म्हणून जसजसा वाढतो तसतसं मोठं घर शोधावं लागतं. नाही मिळालं तर जे मिळेल ते. मी बशीत चार रिकामे शंख ठेवले. प्रत्येकात नांगी घालून मोजमाप घेतलं साहेबांनी, अगदी साडीच्या दुकानात बसल्यासारखं, आणि पहाटेपर्यंत बूच पायरीवर टाकून निघून गेले.

प्रवाळाच्या तुकड्यांचं तर विचारूच नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली प्रवाळाला संरक्षण आहे, वाळूत पडलेला तुकडाही उचलायचा नाही.

मीठभाकर

बरं बाई. लेकराला बुचाची गोष्ट सांगितली. आता ते म्हणतंय आपण शंख पाठवू त्याला.

तळ्यात_मळ्यात

प्रवाळ झाड असतं ना? की दगड? आणि रंगीत असतं म्हणतात, आम्हाला तर सगळं मातकट दिसलं. पैसे वाया.

ओहोटी

प्राणी. दाण्याएवढे असंख्य प्राणी एकत्र राहतात आणि चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. ती उन्हावर अन्न बनवतात आणि बराचसा रंगही त्यांचाच. पाणी नेहमीपेक्षा जास्त काळ तापलं की प्रवाळ ती शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लांबलं तर उपाशी मरतं, आणि मग त्यावर मातकट गाळ बसतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ ला असं झालं, २०१० चं फार वाईट होतं. जुने डाइव्हर जागा दाखवताना 'पहले यहाँ' असंच सुरू करतात. खोल पाण्यात आणि काही ठिकाणी अजून सुंदर आहे. तुम्ही उथळ पाण्यात बघितलं असणार. शिवाय पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो. टॉर्च मारल्याशिवाय पाच-सात मीटरखाली बरंच काही निळं-राखाडीच दिसतं.

काजवा

साहस कुठाय? शीर्षकात नाही पण आम्हाला हवंय.

ओहोटी

साहस नाही, मूर्खपणा. जानेवारीतला.

काळापत्थर किनाऱ्याच्या पुढे रस्ता संपतो, तिथून खडकांवरून चालत जाता येतं. मी आणि कचेरीतला एक दादा, रंगत गावचा, डबकी बघायला निघालो. साडेबाराला पुरी ओहोटी. कोष्टक बघूनच निघालो होतो, हे महत्त्वाचं. पण एका डबक्यात इवलासा ऑक्टोपस होता. आधी दिसलाच नाही, दगडाचा रंग, दगडाचाच खरबरीतपणा. मग दगडाने डोळा फिरवला. त्याच्यापायी दीड तास गेला. परतताना बघतो तर ज्या कातळाला वळसा घालून आलो होतो त्याच्या पायथ्याशी कमरेएवढं पाणी, आणि लाट आली की छातीपर्यंत. खाली खडक शेवाळलेले.

दादा म्हणाला, उतरायचं नाही. वरून जंगलातून वाट काढायला गेलो तर केवड्याचं बन. त्याच्या पानाला दोन्ही कडांनी करवतीसारखे काटे, दहा पावलांत माझ्या हातांवर रेघोट्याच रेघोट्या. परत फिरलो. एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसलो. भरती पावणेसातला पूर्ण होणार होती, म्हणजे पाणी वाटेवरून हटायला नऊ वाजणार. सवापाच-साडेपाचला अंधार. माझ्या फोनची बॅटरी अकरा टक्के, नेटवर्क शून्य. पाणी अर्धी बाटली, आणि दादाच्या खिशात चिक्कीचा एक तुकडा.

भीती समुद्राची नाही वाटली, आवाजाची वाटली. अंधार पडल्याबरोबर मागच्या सुक्या पाचोळ्यात कुरकुर सुरू झाली, चारी बाजूंनी, कुणीतरी हलक्या पावलांनी येतंय अशी. मी दादाचा दंड इतका घट्ट धरला की तो ओरडला. टॉर्च लावली तर शंखखेकडे. शेकडो. सगळे खायला निघालेले, आमच्याकडे एकाचंही लक्ष नाही. मग वर चढलेल्या पाऊण चंद्राचा पाण्यावर रस्ता पडला आणि दादाने मला चिक्कीचा मोठा तुकडा दिला. साडेनऊला गुडघाभर पाण्यातून बाहेर आलो. माशिमा दारात कंदील घेऊन उभ्या. एक शब्द बोलल्या नाहीत, ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी मात्र दादाला जेटीवर, चारचौघांत, असं झापलं की तो आठवडाभर आमच्या गल्लीत फिरकला नाही. चूक माझी होती. मी सांगितलं तर म्हणाल्या, "तू तो मेनलैंड की है।"

रिकामटेकडा

हे कोष्टक आपल्याकडच्या तिथीच्या पाऊणपटीने काढता येत नाही का? आजोळी असंच मोजायचे.

ओहोटी

मीही तसंच करायला गेले. तासांचा फरक पडतो. प्रत्येक किनाऱ्याची भरती चंद्राच्या मागे आपापल्या वेळाने येते. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग (म्हणजे सगळ्यात लहान भरती), हे इथेही तसंच.

अमावास्येवरून आठवलं: काळोखी रात्र असेल तर तीन नंबरला पाण्याच्या कडेला उभं राहून हात फिरवा. निळसर ठिणग्या उडतात. एकपेशीय जीव असतात, पाणी ढवळलं की चमकतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाय आपटून आपटून नाचले, चौतिसाव्या वर्षी.

सहा_वर्षांच्या_मुलीची_आई

आम्हीही नवऱ्याच्या कामासाठी वर्षभर तिथे येण्याचा विचार करतोय. दवाखान्याची सोय कशी आहे? आणि पावसात? खरं खरं सांगा.

ओहोटी

खरं सांगते. बेटावर सरकारी आरोग्य केंद्र आहे आणि ताप, जखम, टाके एवढ्याला चांगलं आहे. त्यापुढचं सगळं पोर्ट ब्लेअरला, म्हणजे पुन्हा बोट. माझा कान फेब्रुवारीत असा सुजला की जबडा हलवता येईना. रोज पोहून कानात ओल राहते, त्याने होतं. थेंब मिळाले, दहा दिवस पाणी बंद. प्रवाळाचं खरचटणं साधं समजू नका, गोड्या पाण्याने आणि साबणाने खसाखसा धुवायचं, नाहीतर महिना महिना भरत नाही. मुलीची नेहमीची औषधं तीन महिन्यांची बरोबर ठेवा. दमा वगैरे असेल तर मी नको म्हणेन.

पाऊस वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर, आणि तो दोन्ही मोसमांचा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात नैर्ऋत्य मोसमी वारे सगळ्या देशाआधी इथे पोचतात, आणि आपल्याकडे परतल्यावरही इथे पडतच असतो, डिसेंबरपर्यंत. मीठ बरणीत पाझरतं, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी, कपाटातल्या साडीला कुबट वास. जानेवारी ते एप्रिल मात्र विहिरीचं पाणी तळाला जातं. आंघोळ अर्ध्या बादलीत.

मुलीचं म्हणाल तर इथली पोरं दप्तर टाकून थेट पाण्यात. ती तुमच्याआधी रुळेल.

काजवा

सुनामीच्या खुणा दिसतात का अजून?

ओहोटी

एलिफंट बीचला जंगलातून चिखलाची वाट आहे, अर्ध्या-पाऊण तासाची. पलीकडे पोचलात की किनाऱ्यावर मोठमोठे पांढरेफटक बुंधे, मुळं वर करून आडवे. २६ डिसेंबर २००४ चे, असं सगळे सांगतात. पर्यटक त्यांच्यावर टॉवेल वाळत घालतात. माशिमा त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत, मीही विचारलं नाही.

असो. माझं काम संपलं. उद्या सकाळच्या बोटीने निघतेय. बॅग भरली, पालीसाठी बशीत साखरपाणी ठेवलंय. उत्तरं राहिली असतील तर ब्लेअरहून देते.

चौकस_आजोबा

सुखरूप या. बोटीत मागच्या बाजूला बसा, हेलकावे कमी लागतात.

मीठभाकर

चप्पल आली का परत?

ओहोटी

चप्पल नाही आली. बोटही नाही. पहाटे साडेचारला बॅग घेऊन जेटीवर गेले तर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लावलेला, समुद्र शिसवी रंगाचा आणि तिकीट खिडकी बंद. परवा बघू म्हणतात. परत आले तेव्हा माशिमांनी भाताचं आधण मलाही धरून ठेवलं होतं. त्यांना रात्रीच माहीत होतं म्हणे, गुडघ्यावरून. झाडाचा फणस उतरवलाय, हाताला आणि विळीला तेल लावून बसलेय. मोबाईल चिकट होतोय, नंतर बोलते.